ताटाखालचं तिसरं नाव

१

"तिसरं बटाट्याचं सॅलड," नेटी फे ओपलच्या कानाशी लागून पुटपुटली. "माणूस गेला की या गावाला दुसरं काही सुचेल तर शपथ. बटाटे उकडायचे, अंडी चिरायची, कालवायचं, की झालं सांत्वन."

"पहिलं तुझंच ना?"

"म्हणून तर बोलतेय. मी पहिली आले होते."

ओपल स्ट्रिंगफेलोनं हसू गिळलं. पलीकडच्या दिवाणखान्यात जज्ज मेबँक पेटीत निजले होते, आणि ते जिवंत असतानाही त्या खोलीच्या आसपास कुणी हसत नसे. रिवाजाप्रमाणे घरातलं मोठं घड्याळ ते गेले त्या मिनिटाला थांबवलं होतं. आरशांवर चादरी टाकल्या होत्या. जॉर्जियातला जुलै, सकाळचे दहा वाजायचे होते तोच पंखा गरम वारा ढवळत बसलेला, आणि बाहेर ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ हलायलाही तयार नव्हतं.

ओपल एक्कावन्न वर्षांची विधवा. टॅलिव्हर गावात मर्तिकाच्या जेवणाचं सगळं गेली वीस वर्षं तिच्याकडे. कुणाच्या घरून काय आलं, कुठलं भांडं कुणाचं, हे तिच्या डोक्यात पक्कं असे. तशी सोयही होती. इथली प्रत्येक बाई आपल्या भांड्याच्या तळाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव घालते. मग भांडं धुऊन ज्याचं त्याला परत जातं. ज्या भांड्याखाली नाव नाही, त्याची मालकीण वाईट घरातली, असं धरून चालायचं.

दहाला पाद्री हिग्डन यांनी प्रार्थनेला बोलावलं. साऱ्याजणी दिवाणखान्यात गेल्या. विधवेनं दफनापर्यंत खाली यायचं नसतं, म्हणून मिस युलाली मेबँक तेवढ्या वरच्या खोलीत होत्या. त्यांची स्वयंपाकीण हेस्टर मागे स्वयंपाकघरात होती. प्रार्थना वीस मिनिटं चालली.

परत येताना वास आधी आला. जळत्या साखरेचा, गोड आणि किंचित कडू. पुढे चाललेल्या दोघीतिघी उंबऱ्यातच थबकल्या. जेवणघरातल्या टेबलाच्या मधोमध, सॅलडांची भांडी बाजूला सारून, एक कॅरॅमलचा केक ठेवलेला होता. बारा वर्षांत गावात कुणी तो केक केला नव्हता. करायचा नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. कुणी केला नव्हता एवढंच.

नेटी फेनं ताट अलगद उचलून खालून पाहिलं. मग ते होतं तसं ठेवलं, आणि हात झग्याला पुसले.

"कुणाचं आहे गं?" ओपलनं विचारलं.

"डेल्फिनचं," नेटी फे म्हणाली.

डेल्फिन मेबँक बारा वर्षांपूर्वी नदीत बुडून मेली होती.

२

लग्नाच्या आदल्या दिवशी. नवरामुलगा नेटी फेचा सख्खा भाऊ. होडीच्या धक्क्यावर डेल्फिनचे पांढरे बूट सापडले, शेजारी शेजारी, टाचा जुळवून ठेवलेले. देह त्याच रात्री सापडला आणि घरच्यांनीच पुरला, असं सांगण्यात आलं; पाहिला कुणी नव्हता. जज्जसाहेबांनी संगमरवरी शिळा बसवली, आणि दर जूनमध्ये गावच्या बायका तिथे लिलीची फुलं नेऊ लागल्या. टॅलिव्हरची माती भुसभुशीत आहे. तिथली प्रत्येक कबर वर्ष-दोन वर्षांत खचते आणि घरच्यांना वर माती लोटावी लागते. डेल्फिनची कबर बारा वर्षांत बोटभरही खचली नव्हती. फुलं ठेवताना प्रत्येकीला ते दिसे. घरी येऊन त्या उकाड्याबद्दल बोलत.

डेल्फिनच्या हातचा म्हणून गावाला माहीत असलेल्या त्या केकाभोवती आता बायकांचं रिंगण झालं होतं. कुणी हात लावत नव्हतं.

"हे बाहेरून आलेलं नाही," ओपल म्हणाली. ती ताटाकडे वाकून बघत होती, आणि विचार तोंडावाटे बाहेर पडायची तिला वाईट खोड होती. "एवढ्या उन्हात समोरच्या घरून जरी आणला असता तरी वरचा साखरेचा थर घसरून ताटात आला असता. हा काचेसारखा बसलाय. अजून कोमट आहे. याच घरात केलेला आहे."

"उपकार झाले, मिस ओपल," मागून आवाज आला. "मला तेवढंच हवं होतं."

जज्जसाहेबांचा मुलगा प्रेन्टिस. चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा वकील, बापाच्या खुर्चीवर डोळा असलेला, आणि आज बापाचाच काळा कोट घातलेला. तो आवाज न चढवता बोलला.

"या घरात चुलीपाशी एकच बाई असते. हेस्टर. पस्तीस वर्षं आमचं अन्न खाल्लं, आणि वडील पेटीत असताना तिनं ही थट्टा केली. दफन चार वाजता आहे. आम्ही परत येऊ तेव्हा मागची खोली रिकामी पाहिजे."

ओपल ताटापासून मागे सरली. तिला फक्त साखरेच्या थराबद्दल बोलायचं होतं. त्या एका वाक्यानं साठीच्या बाईचं छप्पर गेलं.

"चारपर्यंत मला वेळ द्या," ती म्हणाली. "हेस्टरनं केलं नसेल तर?"

"मग कुणी? डेल्फिननं?" एवढं बोलून तो निघून गेला.

ओपलनं ताट उचललं. इतरजणींनी वाकून खालचं वाचलं आणि त्या हळूच मागे सरल्या. खाली चिकटपट्टी होती, गुलाबी रंगाची. त्यावरचं अक्षर वळणदार होतं. पण गावातल्या सगळ्या मुलींना एकाच मास्तरीणबाईंनी छडी घेऊन गिरवायला लावलेलं, तेव्हा अक्षरावरून माणूस ओळखायची सोय नव्हती.

पट्टीवर दोन नावं असायला हवी होती. तिथे तीन होती.

डेल्फिन मेबँक तिबोदो.

३

हेस्टरची खोली मागच्या अंगणाच्या टोकाला. ती जमिनीवर बसून गोधडीत भांडी गुंडाळत होती. हेस्टर वयानं मोठी, पण काळी, म्हणून गावच्या रीतीनं ओपल तिला "अगं हेस्टर" म्हणायची आणि हेस्टर तिला "मिस ओपल, तुम्ही". ती रीत कुणी घातली हे विचारायचीही रीत नव्हती.

"आत्तापासून बांधाबांध कसली करतेस? चार वाजायला अवकाश आहे."

"पस्तीस वर्षांचं सामान आहे. थोडंच आहे, पण पस्तीस वर्षांचं आहे."

ओपल उंबऱ्यावर टेकली. "हे माझ्यामुळे झालं, हेस्टर."

"हो," हेस्टर म्हणाली. तिनं ते नाकारलं असतं तर ओपलला बरं वाटलं असतं.

"तो केक तू केलास?"

"तुम्ही चाखलात?"

ओपलनं रुमालात एक तुकडा आणला होताच. तिनं जिभेवर ठेवला. साखर दाताखाली कचकच वाजली, आणि मागून कडवट चव आली.

"मी केलेला केक असा कचकचला असता," हेस्टर म्हणाली, "तर प्रेन्टिससाहेबांना मला काढायची वेळच आली नसती. मीच तोंड लपवून गेले असते."

"मग ज्यानं केला त्याचा पहिलाच होता."

"असेल. पहाटे पाच ते आठ मी इथे टेबलावरच्या कापडांना इस्त्री करत होते. आठला आत गेले तर चूल गरम. माझी तीन पातेली जागेवर नाहीत. एवढं मी पाहिलं. पुढचं मी पाहिलं नाही."

"पाहिलं नाहीस की सांगणार नाहीस?"

हेस्टरनं गोधडीची गाठ घट्ट आवळली. "मी सांगितलं तर ते मोलकरणीचं बोलणं होईल. उद्या गाव म्हणेल, राग काढला. ज्याचं आहे त्यानं सांगितलं तर ते खरं होईल."

"पण तुझं घर जातंय."

"ते मला कळतंय, मिस ओपल. गाठी मीच मारतेय."

ओपल उठली. अंगण ओलांडताना तिनं वर पाहिलं. मिस युलालींच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकलेला होता. ती बघत असतानाच तो पुन्हा जागेवर गेला. वारा नव्हताच.

४

पातेलं करपलं तर स्वयंपाक येणारी बाई काय करते? पाणी घालते, सोडा टाकते, विसरून जाते. ते लपवत कोणी नाही. लपवतं ते माणूस, ज्याला करपलेलं भांडं निघतं हेच ठाऊक नसतं.

ओपल असा विचार करत मागच्या जिन्यानं चढली. स्वयंपाकघरातून वर जायचा हा नोकरांचा जिना. जिन्याच्या मधल्या वळणावर कापडांचं कपाट होतं. तिसऱ्या कप्प्यात, दुलयांच्या मागे, तिला तिन्ही पातेली सापडली. तळ कोळशासारखे काळे, आणि प्रत्येक पातेलं मेबँकांच्या नावाची अक्षरं विणलेल्या मोठ्या पांढऱ्या रुमालात बाळासारखं गुंडाळलेलं. तीन वेळा करपलं होतं. चौथ्या वेळी जमलं होतं.

"सापडलं का काही?" खालच्या पायरीवर नेटी फे उभी होती. हातात नॅपकिन, ते ती पिळत होती.

"तू ताट उचलून खालून पाहिलंस तेव्हा एकच नाव सांगितलंस."

"मला एकच दिसलं."

"नेटी फे. तुला चष्म्याशिवाय चर्चच्या शेवटच्या बाकावरून कुणाचा सोन्याचा दात दिसतो."

नेटी फे जिन्यावर बसली. मग खाली बघत म्हणाली, "माझ्या भावाला बुडालेली नवरी परवडली, ओपल. बुडालेल्या नवरीसाठी गाव रडतं. पळालेल्या नवरीसाठी हसलं असतं. तो त्यानंतर तीन वर्षं जगला, आणि मान वर करून जगला. ते मी कुणाला मोडू देऊ?"

"केक तू ठेवलास का?"

"मी? मला तर तो टेबलासकट जाळावासा वाटला."

तिच्यावर ओपलचा विश्वास बसला. शिवाय ती आपली सॅलडची परात कशी लख्ख घासते ते ओपलला माहीत होतं. नेटी फे पातेली लपवणारी नव्हती.

प्रेन्टिस पुढच्या व्हरांड्यात पाहुण्यांना हात देत होता. ओपलनं त्याला खांबाआड घेतलं.

"ताटाखाली काय लिहिलंय, वाचलंत तुम्ही?"

"वाचायचं काय त्यात. माझ्या बहिणीचं नाव. डेल्फिन मेबँक."

तो डोळा न लवता म्हणाला. त्याला तिसरं नाव माहीत नव्हतं. चिकटपट्टी लिहिणारा तो नव्हे.

"मिस ओपल," तो मऊ आवाजात म्हणाला, "काही गोष्टी आपण सगळ्यांनी मिळून एका जागी ठेवल्या आहेत. त्या तिथेच राहू देत. त्या दिवशी थडग्यापाशी तुम्हीही गायला होता. फार सुरेख गायलात."

गायली होती. पण त्याआधी, लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी साडेपाचला बसथांब्यासमोर दुधाच्या बाटल्या उचलताना ओपलनं डेल्फिनला दक्षिणेच्या बसमध्ये चढताना पाहिलं होतं. अनवाणी नव्हती, तपकिरी बूट घातले होते. बरोबर खलाशाची पिशवी खांद्यावर टाकलेला एक सावळा तरुण होता. डेल्फिननं तिला पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं. त्याच दुपारी नदीकाठी पांढरे बूट सापडले, आणि ओपलनं पुढची बारा वर्षं ते बोट आपल्याच ओठांवर ठेवलं.

चार वाजायला दीड तास होता. चिकटपट्टीचा गुलाबी रंग अजून डोळ्यांसमोर होता. हेस्टर वापरायची ती पट्टी कागदी, तपकिरी. गुलाबी पट्टी जखमेवर लावतात. या घरात चार महिने एक माणूस अंथरुणाला खिळून होता, आणि त्याच्या पाठीच्या जखमा दुसऱ्या कुणाला बांधू न देणारी बाई एकच होती.

तिनं चाळीस वर्षांत या घरात चहाचं आधणसुद्धा ठेवलं नव्हतं.

५

वरची खोली अंधारी. पडदे ओढलेले. मिस युलाली उंच पाठीच्या खुर्चीत, काळ्या रेशमात, ताठ. डावा हात मांडीवर, त्यावर रुमाल टाकलेला.

"खाली सगळं नीट चाललंय ना, ओपल? कुणाला काही कमी नाही?"

"सॅलड उरेल, मिस युलाली."

"नेहमीच उरतं."

ओपल समोरच्या स्टुलावर बसली, न विचारता. "हात दाखवा."

"काय म्हणालीस?"

"पाक उडतो. मी सोळा वर्षांची असताना माझाही असाच भाजला होता."

मिस युलालींनी खिडकीकडे पाहिलं. मग त्यांनी रुमाल बाजूला केला. दोन बोटांना गुलाबी पट्टी गुंडाळलेली, कडेनं फोड लाल झालेले.

"तीनदा करपला," त्या म्हणाल्या. जणू दुसऱ्या कुणाची तक्रार सांगत होत्या. "तिनं लिहिलंय की ढवळायचं थांबवू नये. मी थांबत नव्हते. तरी करपला."

"तिनं लिहिलंय?"

मिस युलालींनी उशीखालून पाकिटांचा गठ्ठा काढला. बारा पाकिटं, फोडलेली, घड्यांवर झिजलेली. "यांच्या गादीखाली होती. परवा अंथरूण काढताना सापडली. दर नाताळला एक. मला कधी दिलं नाही त्यांनी, आणि फाडलंही नाही. बघ, घड्या बघ. मला वाटतं ते रोज वाचत असावेत." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "माझ्याशी ते तिच्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्याशी नाही. एका ताटात जेवलो आम्ही बारा वर्षं."

"तिबोदो कोण?"

"कोळंबीची होडी आहे त्याची. लुइझियानात. कॅथलिक आहे," हे त्या अजूनही हळू म्हणाल्या. "तीन मुलं आहेत. थोरलीला माझं नाव ठेवलंय. सातव्या पत्रात तो केक कसा करायचा ते आहे. हेस्टरनं शिकवला तसा ती मुलांना करून घालते, म्हणून लिहिलंय. मला वाटलं, करून ठेवावा. तिचं नाव घालून. पूर्ण नाव. सगळ्याजणी ताटं उचलून खालून बघतातच. कुणीतरी वाचेल, वर येईल आणि विचारेल, मिस युलाली, हे तिबोदो कोण? मग मी सांगेन. आपण होऊन बोलणं मला येत नाही, ओपल. मला ते कुणी शिकवलंच नाही. कसं बसायचं ते शिकवलं."

"सगळ्यांनी वाचलं."

"हो. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. ऐकत होते. एकजात सगळ्या गप्प बसल्या." त्यांनी पाकिटं पुन्हा उशीखाली सरकवली. "मग मला वाटलं, बरोबर आहे त्यांचं. राहू दे."

"हेस्टर गोधडी बांधतेय."

"प्रेन्टिस रागात बोलतो. उतरेल तो."

"नाही उतरणार. त्याला राग आलेला नाही, तो घाबरलाय. आणि हेस्टरला सगळं माहीत आहे, तरी ती बोलत नाही. तुम्ही बोलाल म्हणून थांबलीय. मी खाली जाऊन सांगू शकते, केक तुम्ही केला म्हणून. प्रेन्टिस म्हणेल, आई दुःखानं भ्रमिष्ट झालीय. दार लावून घेईल, आणि हेस्टर तरीही जाईल. तुमच्याशिवाय इथे कुणाचं बोलणं चालत नाही."

मिस युलालींनी रुमाल पुन्हा हातावर ओढला.

"तू पाहिलं होतंस का तिला?" त्यांनी एकाएकी विचारलं. "जाताना?"

ओपलनं मान डोलावली. "बसमध्ये चढताना."

"कशी होती?"

"घाईत होती," ओपल म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "आनंदात होती, मिस युलाली."

खाली पेटीचं झाकण बसवल्याचा आवाज आला. म्हातारीनं डोळे मिटले.

६

चार वाजता ऊन पांढरं झालं होतं. मेबँकांच्या कबरी टेकडीच्या माथ्यावर, लोखंडी कठड्याच्या आत. जज्जसाहेबांचा खड्डा लेकीच्या शिळेला लागून खणलेला. खणताना मधली माती एका बाजूनं कोसळली होती, आणि आतलं सगळ्यांना दिसत होतं. डेल्फिनच्या बाजूची माती अखंड होती, लाल, कुदळ कधीही न लागलेली. बघून प्रत्येकजण दुसरीकडे बघे. कुणी टोपी नीट केली, कुणी पंख्यानं वारा घेतला.

कठड्याबाहेर, गावच्या रीतीप्रमाणे, काळी माणसं उभी होती. हेस्टर सर्वांत मागे, काळ्या झग्यात, पायाशी गोधडीचं गाठोडं. ओपलला ते गाठोडं दिसलं. मिस युलालींनाही दिसलं असावं, कारण मुलाच्या दंडावरचा त्यांचा हात निसटून खाली आला.

पाद्री हिग्डन यांचा आवाज भरून आला होता. ते मनापासून बोलत होते, तेच वाईट होतं. "आज हा थोर पिता आपल्या लाडक्या लेकीच्या शेजारी विसावतो आहे. बारा वर्षं ती इथे एकटी निजली. आता तिला सोबत मिळाली. पलीकडच्या तीरावर ती आपल्या वडिलांना..."

"थांबा," मिस युलाली म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला मधेच तोडलं नव्हतं. पाद्र्यांनी पुस्तक छातीशी धरलं.

"आई, ऊन लागलंय तुला," प्रेन्टिस म्हणाला आणि त्यानं त्यांचा दंड धरला. "मिस ओपल, जरा पाणी."

ओपल जागची हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी पाणी मागितलं आणि तिनं दिलं नाही.

मिस युलालींनी दंड सोडवून घेतला. त्या कठड्याच्या फाटकाशी गेल्या, ते आपल्या हातांनी उघडलं. "हेस्टर, आत ये. माझ्याजवळ उभी राहा. ते गाठोडंही आण. घरी परत न्यायचंय."

हेस्टर आली. रिवाज असा होता की आत येऊ नये, म्हणून ती फार हळू आली, आणि बाजूला होणाऱ्या प्रत्येकाकडे बघत आली. नेटी फेनं तोंडावर नॅपकिन धरलं होतं. तिचे डोळे मिस युलालींना विनवत होते.

"तुझ्या भावासाठी मला वाईट वाटतं, नेटी फे," मिस युलाली तिला म्हणाल्या. "खरंच वाटतं. पण आता मी म्हातारी झाले."

मग त्या वळल्या. भाजलेला हात त्यांनी उघडाच ठेवला होता. एकेका चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं. सगळं गाव होतं तिथे, डेल्फिनला तिकीट विकणारा होता, पत्रं आणून देणारा होता, फुलं वाहणाऱ्या होत्या.

"तो केक मी केला," त्या म्हणाल्या. "चांगला झाला नाही. तुम्ही सगळ्यांनी खालचं नाव वाचलंत आणि ताट खाली ठेवलंत. मी तुम्हाला दोष देत नाही. आम्हीच तुम्हाला तसं शिकवलं." त्यांनी श्वास घेतला. "माझी लेक इथे नाही. इथे कुणीही नाही. ती नदीत बुडाली नाही, ती आम्हाला सोडून गेली. आणि लोक काय म्हणतील म्हणून आम्ही तिला जिवंतपणी पुरलं."